लांबलेलं गाऱ्हाणं

सदा, तुझा प्लगचा पाना माझ्याकडे आहे. तुला आंघोळ घालताना खाकी चड्डीच्या खिशातून निघाला. तेव्हाच तुझ्या बायकोच्या, नर्मदावयनीच्या हातात द्यायचा, पण त्या गडबडीत मी तो धोतराच्या कनवटीला खोचला. आज तेरा दिवस झाले, रोज धोतर बदललं तरी पाना परत तिथेच खोचतो. उठताबसता टोचतो. टोचू दे.

हे मी शाळेतल्या मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. आपण आयुष्यभर मालवणीत बोललो आणि मालवणीतच भांडलो, पण कागद पुढे आला की माझा हात सरळ होतो. तुला कारण ठाऊक आहे. देवळातली पूजा आणि गाऱ्हाणी हे गुरवाचं काम, आणि त्याच्या जोडीला मुंबईत असलेल्या झिलांना इथल्या आयांची पत्रं लिहायची हे गावानं माझ्यावर टाकलेलं दुसरं काम. तुझ्या आईची पत्रंही मीच लिहायचो. ती सांगायची, "लिही, मी बरी आसंय," आणि मी लिहायचो, "मी येथे सुखरूप असून." शेवटचं पत्र तिनं सांगितलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं लिहिलं, की सदाशिव, तुझी आई घाटीवर गेली.

घाटी. सगळं तिथूनच सुरू झालं आणि तिथेच संपलं, म्हणून पहिलं तेच लिहितो. आपल्या गावाला पुढे दर्या, एका अंगाला खाडी, पाठीशी डोंगर. मोटारीचा रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. तिथपर्यंत पोचायचं तर जांभ्याच्या दगडांतून वर चढणारी ती एकच उभी वाट. आजारी माणूस असला की खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलायचं. तुझ्या आईला तसंच उचललं होतं. मी मागच्या बांबूला होतो. माथा यायच्या आधीच तिची मान कलली, ते मी मागून पाहिलं. तू मुंबईत मोटारीच्या कारखान्यात फिटर होतास, तुला हे सगळं माझ्या अक्षरातून कळलं.

आठव्या दिवशी तू बोटीनं मालवण बंदराला उतरलास. हातात ट्रंक आणि खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. लोकांना वाटलं, बाराव्याचं सामान असेल. तू घरापुढच्या खळ्यात गोणपाट सोडलंस आणि आतून निघालं इंजिन. कुठल्यातरी मोडीत काढलेल्या मोटारसायकलचं, पाव्हण्यांनी बोटं नाकाला लावावीत इतक्या काळ्या तेलाचं. तुझ्या चुलत्यानं कपाळावर हात मारला. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "गुरवा, ह्या घाटी चढतला." मी म्हटलं, आधी आईचं बारावं होऊ दे. तू म्हणालास, होऊ दे की, मी कुठे नको म्हणतोय.

नोकरी सोडून आलास ते मला चार दिवसांनी कळलं. मी तुला शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

पुढे सात वर्षं तू त्या एका इंजिनाशी झटलास. सुताराचा मुलगा तू, चौकट फणसाच्या लाकडाची केलीस, मग ती तडकली म्हणून लोखंडाची. पुढे एक चाक, मागे दोन, त्यांच्यामध्ये फळ्यांचा हौदा. वाळूत चाकं रुतायची. तू टायरांवर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलीस आणि गाडी मऊ वाळूवरून अशी तिरकी धावली की किनाऱ्यावरच्या बायकांनी तिचं नाव 'कुर्ली' ठेवलं. खेकड्याचं नाव तुला काही आवडलं नाही. तू विमानाचं वगैरे काहीतरी नाव काढलं होतंस, ते कोणाच्या तोंडात बसलंच नाही.

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की मासळीच्या पाट्या घाटीच्या पायथ्यापर्यंत न्यायला तू कुर्ली द्यायचास. गावाला वाटलं, सदा मासळीसाठी गाडी करतोय. मला ठाऊक होतं. सपाट वाळूशी तुझं काही देणंघेणं नव्हतं. तुझे डोळे घाटीवर होते, आणि कुर्ली पहिल्या वळणावर खोकून मरायची.

मग तू इंजिन उघडायला लागलास. सिलिंडर मांडीवर घेऊन गोल कानशीनं त्याच्या आतल्या खिडक्या मोठ्या करायचास, जिथून ताजं पेट्रोल आत येतं आणि जळका धूर बाहेर जातो. दोन कानशी मारायच्या, फुंकर घालायची, बोट फिरवायचं. मग सगळं परत बसवून वाळूवरून पळवायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. केसभर जास्त घासलं गेलं असतं तर सिलिंडर वाया गेला असता, आणि दुसरा कुठून आणणार होतास? तरी हात थरथरला नाही तुझा. आणि हौद्यात वजन म्हणून कोण? मी. एका बाजूला ओल्या वाळूची गोणी, दुसऱ्या बाजूला गावचा गुरव. शेंडीत वाळू जायची. देवळात दिव्याला तेल घालताना माझ्या अंगाला पेट्रोलचा वास यायचा आणि मानकरी नाक मुरडायचे. मी म्हणायचो, सदानं नेलं होतं. एवढं सांगितलं की पुढे कोणी विचारत नसे.

धुराच्या नळीचं तुझं वेड तर वेगळंच. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून तू लांबट नरसाळ्यासारख्या नळ्या वळायचास, एक आखूड, एक लांब, एक पोटाशी फुगीर. पडवीच्या वाशाला त्या ओळीनं टांगलेल्या असायच्या. एक लावायचास, पळवायचास, काढून फेकायचास. मी विचारलं, नळी तर धूर बाहेर जायला, ती लांब असली काय नि आखूड असली काय. तू म्हणालास, "धूर जाता, पण जाताना मागे ओढ लावता. ती ओढ बरोबर इली की इंजिन दोन माणसांचा काम करता." मला त्यातलं काही कळलं नाही. पण सातवी का आठवी नळी बसवलीस तेव्हा कुर्लीची फटफट बदलून खोल घुमायला लागली, आणि तू वाळूत मटकन बसलास. तुझे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं.

आणि तो खोबरेल तेलाचा दिवस. ह्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, सोळा वाट्यांना एक, हे माप तू मला करवंटीनं घोटून शिकवलं होतंस. तुझं तेल संपलं होतं, तू मालवणला गेला होतास, आणि मी शहाणपणा करून देवळातल्या दिव्याचं खोबरेल ओतलं. तेल ते तेल. कुर्ली निघाली ती घावन भाजल्यासारखा वास सोडत, मागे गावचे चार कुत्रे. संध्याकाळी तू इंजिन उघडलंस तर आत चिकट काळी साय. तीन दिवस खरवडत बसलास. रागावला नाहीस. एवढंच म्हणालास, "देवाचा तेल होता म्हणून सुटलंस." त्या वेळी तू रागावला असतास तर बरं झालं असतं. मला तेव्हाच कळलं असतं की ह्या यंत्रात माझा हात घालू नये.

शेवटी तू सिलिंडरचं डोकं काचेवर घासून बारीक केलंस, आतली दाबणी वाढवायला. दोन दिवस गोल गोल फिरवत होतास. त्यानंतर कुर्लीची किक अशी कडक झाली की उलटी मारली तर नडगी फुटावी. पण ती घाटी चढली. मी आणि दोन गोण्या तांदूळ घेऊन, वळणावर वळण, धूर ओकत, माथ्यापर्यंत चढली. वर पोचल्यावर तू इंजिन बंद केलंस आणि तुझी आई जिथे गेली तिथे चालत खाली गेलास. तिथे थोडा वेळ उभा राहिलास. मी वर गोण्यांवर बसून होतो. परत आलास तेव्हा नेहमीसारखा बोलत होतास.

त्यानंतर कुर्लीनं माणसं वर नेली. पारूला नेलं, तिचं मूल आडवं आलं होतं. ते मूल आता वाळूत धावतं. साप चावलेल्या म्हाताऱ्याला नेलं, तो अजून तंबाखू मागत फिरतो. कोणी तुझे आभार मानायला आलं की तू हात पुसायचं निमित्त करून आत जायचास.

आता गाऱ्हाण्याचं लिहायला हवं. आतापर्यंत टाळलं.

घाटीच्या पायथ्याशी देवचाराची जागा. तिथून कुठलंही नवं वाहन, नवी नवरी, नवी होडीची फळी जाते ती गाऱ्हाणं घालूनच. गावाच्या राखणदाराला सांगायचं, बाबा, ह्यांना सांभाळ. कुर्लीसाठीही मीच हट्ट धरला. तू आधी हसलास, मग म्हणालास, बरं, पण मीच घालीन, तुझं लांबतं. आणि रोज किक मारायच्या आधी डोळे मिटून तू तुझं ते आखूड गाऱ्हाणं घालायचास: "बा देवा म्हाराजा, हिचो कान धरून घाटी चढव. उतरताना माका सांभाळ. आणि गुरवाक अक्कल दी, म्हाराजा." तिन्ही वेळा 'व्हय म्हाराजा' मी म्हणायचो. तिसऱ्यालासुद्धा म्हणायचो, तू खूश व्हायचास.

वर्षभरानं तू मला खरं सांगितलंस. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई असते, ती झिजली होती. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची चावी, उघडून जास्त वेळ ठेवला तर पेट्रोल भरून वाहायचं, इंजिनात उतरायचं, प्लग भिजायचा, आणि मग तास दीड तास कुर्ली हलायची नाही. कमी वेळ ठेवला तर पेट्रोल पोचायचंच नाही. तुझं गाऱ्हाणं बरोबर तेवढ्या मापाचं होतं. पहिल्या 'बा देवा'ला कॉक उघडायचा, तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'ला बंद करायचा, मग किक. एकदा इंजिन लागलं की परत उघडायचा. "घड्याळ नको, काय नको," तू म्हणालास.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, देवाचं नाव काय करवंटी आहे, पेट्रोल मोजायला? तू म्हणालास, देवाला राग आलेला नाही, तुलाच आलाय. मी म्हटलं, मुंबईहून नवी सुई मागव. तू म्हणालास, "गाऱ्हाणा आसा, मगे सुई कित्याक?" आठ दिवस मी तुझ्या खळ्यात पाऊल टाकलं नाही. नवव्या दिवशी तूच देवळात आलास, गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर बसलास आणि बिडी मागितलीस. भांडण तिथेच राहिलं, आपण ते कधी मिटवलं नाही. सुई तू कधी मागवली नाहीस, आणि मीही पुन्हा बोललो नाही. बोलायला हवं होतं. रोज बोलायला हवं होतं, तुझं डोकं उठेपर्यंत.

एक गोष्ट मात्र विचारायची राहून गेली. पारूला हौद्यात निजवलं होतं त्या दिवशी तू नुकताच मासळी टाकून आला होतास. इंजिन गरम होतं. गरम इंजिनाला पेट्रोल भरून घ्यावं लागत नाही, नुसती किक पुरते, हे तूच मला शिकवलंस. तरी तू डोळे मिटलेस आणि गाऱ्हाणं घातलंस. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि त्या दिवशी माझ्या अकलेचं काही मागितलं नाहीस. माप नको होतं तेव्हा ते कशासाठी होतं, सदा? मी मनात म्हटलं, सापडलास. कधीतरी चिडवू म्हणून ते जपून ठेवलं. अजून माझ्याकडे तसंच आहे, आणि आता चिडवायला तू नाहीस.

तू गेलास त्या दिवशी दुपारी रापण पार टोकाकडे लागली होती. गावातला प्रत्येक धडधाकट माणूस तिकडे दोरीला. मी देवळातून जेवायला निघालो होतो, तर तू पडवीच्या खांबाला टेकून बसलेला. घाम कपाळावरून गळत होता. म्हणालास, छातीत कळ मारतेय, डावा हात जड झालाय. मी म्हटलं, पित्त असेल. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "पित्त न्हय. कुर्ली काढ." तुझा आवाज तसा कधी ऐकला नव्हता.

वयनीनं चटई टाकली, आम्ही दोघांनी तुला हौद्यात निजवलं. शेजारच्या तानीकाकूला रापणीकडे पिटाळलं, माणसं घेऊन ये म्हणून. तू हौद्यातून मला सांगितलंस, घाबरू नको, तुला येतं. खरंच येत होतं. तुझ्यादेखत मी पाच-सहा वेळा सुरू केली होती. कॉक, गाऱ्हाणं, कॉक, किक.

मी कॉक उघडला. हात जोडले. आणि सदा, मी तुझं गाऱ्हाणं नाही घातलं. माझं घातलं.

त्या क्षणी तुझी ती तीन आखूड वाक्यं माझ्या तोंडात येईनात. तू तिथे पांढरा पडत होतास आणि मी देवाला सांगू, गुरवाला अक्कल दे? मी बापानं शिकवलेलं, आज्यानं बापाला शिकवलेलं गाऱ्हाणं काढलं. बारा वहिवाटींच्या धन्याला हाक घातली. खाडीच्या मुखाला, घाटीच्या देवचाराला, एकेकाला नाव घेऊन बोलावलं. तुझ्या घराण्याचं सांगितलं, तू वर नेलेल्या माणसांचं सांगितलं, ह्या झिलाच्या जागी माझा जीव घे म्हणून सांगितलं, आणि शेवटी चार सीमांना हाक घालायला लागलो. वयनी शेजारी उभी राहून प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. माझा आवाज कधी इतका चांगला लागला नव्हता. मला वाटलं, आज देव ऐकतोय.

मध्येच तू बोललास. स्वच्छ बोललास. "कॉक बंद कर, गुरवा."

मी ऐकलं. नीट ऐकलं. ऐकू आलं नाही असं मी देवापुढेही म्हणणार नाही. पण आमच्या घराण्यात लहानपणापासून एकच भीती घातलेली असते: सुरू केलेलं गाऱ्हाणं मोडायचं नाही. देवांना हाक घालून बोलावलंस आणि अर्ध्या शब्दावर सोडलंस, तर जे टाळायला बोलावलं तेच घडतं. बापानं ते माझ्या कानाला धरून शिकवलं होतं. मी म्हटलं, एवढं संपवतो, लगेच बंद करतो. अजून दोनच सीमा राहिल्या होत्या.

दोन सीमा झाल्या. मी खाली वाकलो तर इंजिनाखालची माती भिजली होती.

कॉक बंद केला आणि किक मारली. परत मारली. किक उलटली, नडगी फुटली, मारत राहिलो. नळीतून नुसता कच्च्या पेट्रोलचा वास. तू डोळे उघडलेस, हात थोडा वर केलास आणि दोन बोटांनी काहीतरी पिळल्यासारखं केलंस. प्लग. प्लग काढ, पूस. मला कळलं. पण पाना कुठे होता? पेटीत नाही, कोनाड्यात नाही, वाशावर नाही. वयनीनं कानशींचा डबा उलटा केला. मी पक्कड लावली, ती घसरली. तुला विचारायला वळलो तोवर तुझे डोळे मिटले होते. पाना तुझ्या खिशात होता, माझ्या हातापासून वीतभर लांब.

माणसं आली. खुर्चीला बांबू बांधले. मी परत मागच्या बांबूला. दुसऱ्या वळणावर तुझी मान कलली, आणि ती कशी कलते हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी वर नेलं, बर्फाच्या लॉरीत घालून मालवणला नेलं. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तर," आणि वाक्य तसंच सोडून हात धुवायला गेले.

आता गाव काय म्हणतंय ते ऐक. दहाव्याला सगळे खळ्यात बसले होते. म्हणत होते, सदानं आयुष्य घातलं त्या मशीनवर आणि ऐन वेळेला तिनं दगा दिला. एक म्हणाला, घासून घासून पार निकामी केलं होतं इंजिन. दुसरा म्हणाला, घरच्या घरी असली कामं होत नसतात, कारखान्यातली गोष्ट वेगळी. ज्यांच्या पाट्या तू इतकी वर्षं ओढल्यास तीच माणसं ही. मी तिथेच बसलो होतो. माझ्यासमोर कोणी तुझी करवंटी जरी उचलून नेली असती तरी मी अंगावर धावून गेलो असतो, आणि तुझं सगळं काम, तुझं नाव ती माणसं मातीत घालत होती तेव्हा मी दर्भ मोडत राहिलो. वयनी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मला वाटलं, तिचाही तोच समज झाला असणार. मग ठरलं, कुर्ली भंगारात द्यायची. मालवणहून माणूस उद्या येणार आहे.

म्हणून आज सकाळी मी पाना घेऊन तुझ्या पडवीत गेलो. प्लग काढला. रॉकेलनं धुतला, ब्रशनं घासला, उन्हात वाळवला. दुमडलेलं पोस्टकार्ड घालून फट बघितली, तू बघायचास तशी. प्लग काढलेला ठेवून चार-पाच किका मारल्या, आत राहिलेलं सगळं बाहेर फेकायला. हे सगळं मला येत होतं, सदा. पाना असता आणि गाऱ्हाण्याआधीची ती दोन मिनिटं परत मिळाली असती तर मला सगळं येत होतं.

प्लग बसवला. कॉक उघडला. तुझं गाऱ्हाणं घातलं, तुझ्याच शब्दांत, गुरवाच्या अकलेसकट. 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नव्हतं, तिन्ही वेळा मीच म्हटलं. कॉक बंद केला. किक मारली.

पहिल्याच किकला लागली.

तोच तुझा आवाज, खोल, घुमणारा, तुझ्या त्या रॉकेलच्या डब्याच्या नळीतून. वाशावरच्या बाकीच्या नळ्या थरथरून वाजायला लागल्या. त्यात काही मोडलं नव्हतं, काही निकामी झालं नव्हतं. तू केलेलं होतं तसं सगळं जागच्या जागी होतं. मी सीटवर डोकं ठेवून रडलो, आणि ते आवाजात कोणाला ऐकू गेलं नसतं.

मान वर केली तर मागच्या दारात नर्मदावयनी. ओले हात, पदर खोचलेला. कितीतरी वेळ उभी असावी. मी तयार झालो. आता ती विचारणार, आज लागली तर तेव्हा का नाही लागली. सांगून टाकू, म्हटलं. तेरा दिवस हेच तर हवं होतं मला, कोणीतरी विचारावं.

तिनं विचारलं नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती, कॉकवर ठेवलेल्या.

"तेंनी 'कॉक बंद कर' म्हणान सांगल्यानी, ता मियां पण ऐकलंय, भावजी," ती म्हणाली. "आणि मी 'व्हय म्हाराजा' म्हणत रवलंय."

कॉक बंदच होता. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपत आलं तशी कुर्ली अडखळली आणि थांबली. वयनी उंबरठ्यावर बसली. मी पाना काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही, म्हणाली, तुमच्याकडेच राहू दे. मग आम्ही दोघं तिथे बसून राहिलो, ती उंबरठ्यावर आणि मी हौद्याच्या कडेला, जिथे तुझं डोकं होतं.

भंगारवाला उद्या येणार आहे. त्याला नको म्हणून निरोप धाडायला आमच्यातलं कोणीच उठलं नाही.